लायब्ररीत दुपारच्या सुट्टीत प्राध्यापकांची व्याख्यानं: सुरू कशी करायची आणि चालू कशी ठेवायची

विद्यापीठात वर्षानुवर्षं काम करूनही शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये काय चाललंय हे आपल्याला बऱ्याचदा पेपरात वाचून कळतं. जिऑलॉजीचे सर पाण्यावर काम करतायत, इतिहासाच्या मॅडम पेशवेकाळातल्या पाणीपुरवठ्याची कागदपत्रं बघतायत, दोघांची गाठ कधी पडलेली नाही, पण दोघांची पुस्तकं मात्र एकाच लायब्ररीत आहेत. म्हणूनच दुपारच्या सुट्टीत, लायब्ररीतच, आपल्याच प्राध्यापकांचं पाऊण तासाचं व्याख्यान ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. याला खर्च जवळजवळ नसतो, शिस्त मात्र लागते. विद्यापीठाच्या किंवा मोठ्या कॉलेजच्या लायब्ररीत काम करणाऱ्यांसाठी आणि असं काही सुरू करावं असं मनात असलेल्या प्राध्यापकांसाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

व्याख्यानमाला आपल्याला नवीन नाही, पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली आणि तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी व्याख्यानमाला झाल्या. पण तो संध्याकाळचा कार्यक्रम, माणूस काम आटोपून निवांत येतो, वक्ता दीड तास बोलला तरी चालतं. दुपारची सुट्टी वेगळी, इथे माणूस घड्याळ बघत बसलेला असतो, दोन वाजता त्याचं लेक्चर किंवा प्रॅक्टिकल असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जेवणाच्या सुट्टीतली अशी व्याख्यानं १९४२ पासून चालू आहेत, तीही बाहेरच्या लोकांना मोफत खुली. म्हणजे वेळ कमी असला तरी असा उपक्रम पिढ्यानपिढ्या टिकू शकतो.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. व्याख्यान संपल्यावर लोक रॅककडे वळले पाहिजेत, निदान काहींच्या हातात पुस्तक पडलं पाहिजे. तसं होणार नसेल तर तेच व्याख्यान डिपार्टमेंटच्या सेमिनार हॉलमध्ये झालं असतं, तिथे एसीही असतो आणि खुर्च्याही बऱ्या असतात.

पायरी १: जागा आणि वेळ

जागा शोधताना सगळ्यात आधी अभ्यासिकेतल्या मुलांचा विचार करा. आपल्याकडे विद्यापीठाच्या रीडिंग हॉलमध्ये सकाळपासून एमपीएससी, नेट-सेटची तयारी करणारी मुलं बसलेली असतात, खोली लहान, घरी गोंगाट, म्हणून ती इथे येतात, आणि त्यांच्या डोक्यावर माइक लावून आपण ज्ञानप्रसार करायचा हे बरोबर नाही. रीडिंग हॉलपासून लांब, दार बंद होईल अशी खोली बघा, नियतकालिक विभागाचा एखादा कोपरा, जुनी कॅटलॉगची खोली, ग्रंथालयशास्त्र विभाग त्याच इमारतीत असेल तर त्यांचा वर्ग. तीस-चाळीस खुर्च्या मावल्या की बास. मोठा हॉल मुद्दाम टाळा, दोनशेच्या हॉलमध्ये पंचवीस माणसं बसली की वक्त्याचाही उत्साह जातो आणि ऐकणाऱ्यांचाही, तीच पंचवीस माणसं छोट्या खोलीत बसली की खोली भरलेली वाटते.

वेळ सव्वा एक ते पाच कमी दोन. सुट्टी एक ते दोन असेल तर एक ते सव्वा लोकांना डबा खायला, मग पंचवीस मिनिटं बोलणं, पंधरा मिनिटं प्रश्न, आणि उरलेली पाच मिनिटं पुस्तकांच्या टेबलापाशी. तुमच्याकडे सुट्टीची वेळ वेगळी असेल तर तसं सरकवा पण पंचवीस-पंधराचं माप बदलू नका.

डब्याचं काय, हा प्रश्न पहिल्या मीटिंगलाच निघतो. परदेशात अशा व्याख्यानाला लोक सँडविच खात बसतात, पण आपला डबा म्हणजे पोळी-भाजी, वरण-भात, हात धुवायला लागतात. शिवाय जुन्या बांधणीतल्या पुस्तकांना खळ लावलेली असते, तिथे अन्नाचे कण पडले की झुरळं, मुंग्या, कसर सगळंच मागे लागतं. त्यामुळे खाणं बाहेर, पोर्चमध्ये किंवा स्टाफच्या खोलीत चार टेबलं मांडून, आणि व्याख्यानाच्या खोलीत फक्त पाण्याची झाकणवाली बाटली. लोक एकत्र डबा खातात तिथेच अर्ध्या ओळखी होतात, म्हणून ती पंधरा मिनिटं ठेवाच.

दिवस ठरलेला हवा. महिन्यातला दुसरा आणि चौथा बुधवार, असं काहीतरी, जे लोकांना कॅलेंडर न बघता आठवेल. सोमवारी मीटिंगा असतात, पुण्यात गुरुवारी पाणी-लाइटच्या दुरुस्तीची कामं बऱ्याचदा निघतात, शुक्रवारी बाहेरगावचे लोक घरी जायच्या घाईत. आणि वर्षाचं कॅलेंडर आखताना गणपती, दिवाळी, सबमिशन, परीक्षा हे सगळं आधी काट मारून टाका, जे बुधवार उरतील तेच आपले. सेमिस्टरला सहा झाली तरी उत्तम. सुरुवात करायला १२ ऑगस्ट चांगला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती, देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात, त्या आठवड्यात लायब्ररीच्या कार्यक्रमाला परवानगीही पटकन मिळते.

पायरी २: परवानगी

यात फार अडकू नका पण टाळूही नका. एक पानी टिपणी करा, त्यात उद्देश, दिवस, वेळ, जागा, खर्च, जबाबदार व्यक्ती, आणि ती ग्रंथालय समितीपुढे ठेवून पूर्ण वर्षाची एकदाच मंजुरी घ्या. प्रत्येक व्याख्यानाला वेगळी फाइल फिरवायची वेळ आली तर तिसऱ्या व्याख्यानालाच सगळे थकतात. खर्चात चहा, पोस्टरचे प्रिंट आणि वक्त्याच्या नावाने लायब्ररीसाठी घ्यायचं पुस्तक एवढंच दाखवा.

सत्कार नको. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, तीन जणांचं स्वागतपर भाषण यात वीस मिनिटं जातात आणि आपल्याकडे एकूण चाळीसच आहेत. हे टिपणीतच लिहून मंजूर करून घेतलं की नंतर कोणाला वाईट वाटत नाही, कारण तो नियम सगळ्यांना सारखा.

एका बाबतीत मात्र पैसे मागा. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीवरचे प्राध्यापक वक्ते असतील तर त्यांना मानधन मिळालंच पाहिजे. कायमस्वरूपी प्राध्यापकाचा पगार चालू असतो, सीएचबीवाल्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात आणि तो बहुतेक वेळा दोन-तीन कॉलेजांत धावत असतो, त्याचा दुपारचा वेळ फुकट मागणं अन्याय आहे.

पायरी ३: वक्ता आणि विषय

सगळ्या एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, पत्र पाठवून नावं मागवली की प्रत्येक डिपार्टमेंटमधून सगळ्यात सीनियर नाव येतं. ते करू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत कोणाचं पुस्तक आलं, कोणाच्या मार्गदर्शनाखालचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढले, कोणाला एखादा प्रोजेक्ट मिळालाय हे बघा आणि स्वतः जाऊन भेटा. तरुण असिस्टंट प्रोफेसर सहसा खूप मन लावून तयारी करतात. काउंटरवरच्या सहकाऱ्यांना विचारा, ग्रंथालयात कायम दिसणारे प्राध्यापक कोण ते त्यांना तोंडपाठ असतं, फक्त कोण कुठलं पुस्तक नेतं हे मात्र चारचौघांत बोलायचं नाही, ते वाचकाचं खासगी आहे.

विषय प्रश्नाच्या रूपात मागा. 'दख्खनच्या पठारावरील भूजल व्यवस्थापन: एक अभ्यास' असं शीर्षक आलं की फक्त जिऑलॉजीची मुलं येणार, 'शेजारच्या बोअरला पाणी आणि आपली कोरडी, असं का?' म्हटलं की अकाउंट सेक्शनमधले लोकही येतात, कारण त्यांच्या सोसायटीतही हाच प्रश्न आहे. वक्त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: ऐकणारे तुमच्या विषयातले नाहीत, पंचवीस मिनिटं म्हणजे पंचवीसच, आणि स्लाइड दहाच्या वर नकोत. भाषा त्यांना सोपी वाटेल ती, बहुतेक प्राध्यापक मराठी-इंग्रजी मिसळून बोलतात आणि ते अगदी छान पोचतं.

हातात घेता येईल असं काहीतरी आणायला सांगा. आमच्याकडे भूजलाच्या व्याख्यानाला जिऑलॉजीच्या सरांनी दोन दगड आणले होते, एक काळा, घट्ट, जड, दुसरा भोकाभोकांचा, काही भोकांत पांढरी खनिजं भरलेली. दोन्ही बेसॉल्टच. दगड रांगेतून फिरत होते आणि सर सांगत होते की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपलं पठार झालं, घट्ट थरात पाणी फक्त भेगांमधून फिरतं, भोकांचा आणि झिजलेला थर मात्र पाणी धरतो, आणि म्हणून शंभर फुटांवरच्या दोन बोअरचं नशीब वेगळं असू शकतं. हे कुठल्याही स्लाइडने इतकं नीट समजलं नसतं. मागच्या रांगेतल्या एका शिपाई मामांनी विचारलं, "मग पाणाड्या नारळ घेऊन फिरतो त्याचं काय?", आणि सरांनी प्रश्न न उडवता पाच मिनिटं त्यावर नीट उत्तर दिलं.

पायरी ४: पुस्तकांचं टेबल, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

लायब्ररीत पुस्तकं ज्ञानशाखेप्रमाणे लावलेली असतात, विषयाप्रमाणे नाही. पुस्तकांना वर्गीकरणाचे आकडे देणाऱ्या ड्युई पद्धतीत पाणी या एका विषयाची पुस्तकं बघा कुठे कुठे जातात. भूजलाचं भूशास्त्र ५५१.४९ ला, भूजल म्हणून जे खनिजसंपत्तीत मोडतं ते ५५३.७९ ला, पाण्याचं अर्थकारण आणि धोरण ३३३.९१ ला, शहराचा पाणीपुरवठा इंजिनिअरिंगमध्ये ६२८.१ ला, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९ ला आणि दुष्काळावरच्या मराठी कथा-कादंबऱ्या ८९१.४६ ला. म्हणजे चार मजले फिरल्याशिवाय वाचकाला हे सगळं एकत्र दिसणारच नाही, आणि तो फिरत नाही. ते काम ग्रंथपालाचं. व्याख्यानाच्या दिवशी ही सगळी पुस्तकं एका टेबलावर आली की कात्रजच्या पेशवेकालीन नळांची माहिती, औरंगाबादची (आताच्या छत्रपती संभाजीनगरची) मलिक अंबरच्या काळातली नहर, १९७२ च्या दुष्काळावरचं लेखन आणि बोअरवेलचं तांत्रिक पुस्तक शेजारी शेजारी दिसतात. असं टेबल फक्त लायब्ररीच मांडू शकते, विद्यापीठातल्या दुसऱ्या कुठल्याही खोलीला ते जमणार नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. दोन आठवडे आधी वक्त्याकडून पाच पुस्तकांची नावं घ्या, त्यातलं निदान एक सामान्य वाचकाला झेपणारं हवं असा आग्रह धरा. मग आपण ओपॅकमध्ये, म्हणजे लायब्ररीच्या कॉम्प्युटरवरच्या कॅटलॉगमध्ये, शोध घ्यायचा, आणि इथे चिकाटी लागते, कारण जुन्या नोंदींमध्ये मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत टाकलेली असतात आणि स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं, भूजल हा एकच शब्द तीन-चार प्रकारे टाइप करून बघावा लागतो. देवनागरीतही ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा. मग प्रत्यक्ष रॅकवर जा, कारण शेजारचं पुस्तक बऱ्याचदा शोधलेल्यापेक्षा चांगलं निघतं. वीस-पंचवीस पुस्तकं पुरेत.

एक आठवडा आधी बाहेर गेलेल्या प्रती परत मागवा किंवा रिझर्व्ह करा. दोन दिवस आधी सगळी पुस्तकं पुसून, फाटक्या पानांना टिश्यू लावून, ट्रॉलीवर तयार. जुने जिल्हा गॅझेटियर, कोश, दुर्मिळ पुस्तकं इश्यू होत नाहीत, त्यात वेगळ्या रंगाची पट्टी घाला आणि वक्ता ज्या पानाचा उल्लेख करणार ते पान उघडून ठेवा. प्रबंधांसाठी शोधगंगेची लिंक क्यूआर कोड करून टेबलावर चिकटवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इश्यू तिथेच करा. एक लॅपटॉप, बारकोड स्कॅनर, कोहा किंवा सोल, जे लायब्ररी सॉफ्टवेअर तुमच्याकडे असेल ते लॉगिन करून टेबलाच्या टोकाला एक सहकारी बसवा. व्याख्यान संपल्यावर लोकांकडे पाचच मिनिटं असतात, त्यात खाली काउंटरला जाऊन रांग लावायची म्हटलं तर ते पुस्तक परत ठेवून निघून जातात. वाचकाचा वेळ वाचवा हा रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा नियम १९३१ पासून आपण परीक्षेत लिहितोय, तो पाळायची ही अगदी सोपी जागा आहे. एकच प्रत असेल तर नावांची यादी करा, पुढच्याला फोन जाईल असं सांगा आणि खरंच फोन करा.

वक्त्याला विनंती करा की बोलताना टेबलावरचं एक पुस्तक उचलून त्यातल्या चार ओळी वाचून दाखवा. ज्या पुस्तकातल्या ओळी वाचल्या जातात ते पुस्तक टेबलावर मागे राहत नाही, असं मी नेहमी बघतो.

पायरी ५: लोकांपर्यंत पोचणं

परिपत्रक काढाच, पण त्यावर कोणी येत नाही. ए-थ्री साइजचं साधं पोस्टर इश्यू काउंटरवर, कँटीनमध्ये, हॉस्टेलच्या मेसमध्ये आणि बस स्टॉपजवळ. पोस्टरवर प्रश्न मोठ्या अक्षरात, खाली वक्त्याचं नाव, वार, जागा, आणि सुरू व्हायच्या वेळेइतकीच ठळक संपायची वेळ. 'बरोबर १.५५ ला संपेल' हे वाचून लोक येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनदाच मेसेज, तीन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी. मान्यवरांच्या फोटोंची रांग नको.

हजेरीची सक्ती कृपया करू नका. एखाद्या डिपार्टमेंटने सगळा वर्ग पाठवतो म्हटलं तरी नम्रपणे नाही म्हणा, ज्यांना यायचं ते येतील. ई-सर्टिफिकेटचंही तसंच, सर्टिफिकेट ठेवलं की लोक फॉर्म भरायला येतात आणि मान खाली घालून फोनवर लिंक शोधत बसतात. सुरुवातीला पंधरा-वीस लोक आले तर ते खूप आहेत.

पायरी ६: प्रत्यक्ष दिवस

साडेबाराला खोली उघडून प्रोजेक्टर चालू करून बघा. वक्त्याची फाइल आदल्या दिवशी पीडीएफमध्येच मागवा, कारण मराठी स्लाइड श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असल्या आणि आपल्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसला की सगळ्या अक्षरांचा चुराडा दिसतो. एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही केबल, माइकचे जादा सेल. लाइट गेली तर काय हेही आधीच ठरवा, छोट्या खोलीत माइकशिवाय बोलता येतं, दगड दाखवता येतात, काही अडत नाही.

सव्वा वाजता सुरू. दोनच माणसं आली असली तरी सुरू, कारण पहिल्या दोन वेळा थांबलात की पुढे सगळे उशिराच येणार. ओळख एका मिनिटात, पदव्या आणि पुरस्कार न वाचता, 'मॅडम सध्या या प्रश्नावर काम करतायत' एवढंच. समोर बसलेल्या एकाने 'पाच मिनिटं' आणि 'एक मिनिट' असे कागद दाखवायचे, आणि हे वक्त्याला आधी सांगितलेलं असावं, म्हणजे अपमान वाटत नाही.

प्रश्नांच्या वेळी पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा किंवा प्राध्यापक नसलेल्या कोणाचाही घ्या. पहिला प्रश्न ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारला की मुलं गप्प बसतात, पुढे तोंडच उघडत नाहीत. प्रश्नाऐवजी भाषण करणारे एक-दोघं असतातच, त्यांना "सर, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, टेबलापाशी निवांत बोलूया" म्हणून माइक पुढे न्यायचा, आणि नंतर खरोखर त्यांच्याशी बोलायचं. लाजणाऱ्यांसाठी चिठ्ठ्या ठेवा. बाकी पाच कमी दोनला, चर्चा कितीही रंगली तरी, आभार एका वाक्यात मानून पुस्तकांकडे हात दाखवा.

पायरी ७: रेकॉर्डिंग आणि कागदपत्रं

रेकॉर्डिंगसाठी वक्त्याची लेखी संमती घ्या. काही प्राध्यापक अजून न छापलेलं संशोधन सांगतात, ते इंटरनेटवर गेलं तर त्यांचं नुकसान होऊ शकतं, अशा वेळी फक्त आवाज रेकॉर्ड करून लायब्ररीतच ऐकायला ठेवा किंवा काहीच नको. स्लाइडमधले फोटो-नकाशे दुसऱ्यांचे असतील तर अपलोड करताना ती स्लाइड वगळा. संमती असेल तर विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात (डीस्पेस वगैरे), व्याख्यान आणि पुस्तकांची यादी एकाच नोंदीत टाका म्हणजे दोन्ही बरोबरच सापडतील.

नॅकसाठी, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांच्या मूल्यांकनासाठी, अहवाल लागतोच, तर त्याच दिवशी संध्याकाळी अर्ध्या पानात करून टाका, जिओटॅग असलेले दोन फोटो, उपस्थितीची सही केलेली पानं, विषय. सेमिस्टरच्या शेवटी हे गोळा करायला गेलात तर फोटो सापडत नाहीत.

माझ्या दृष्टीने खरी नोंद वेगळी आहे. टेबलावरच्या प्रत्येक पुस्तकापुढे दोन रकाने: त्या दिवशी गेलं का, आणि पुढच्या दोन महिन्यांत कितीदा गेलं. इश्यूचा रिपोर्ट सॉफ्टवेअरमधून निघतो. कितीतरी वर्षं हात न लागलेलं पुस्तक एका दुपारनंतर फिरायला लागलेलं दिसतं तेव्हा फार बरं वाटतं, आणि कुलगुरूंसमोर किंवा समितीसमोर ठेवायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

पायरी ८: दुसऱ्या वर्षात टिकवायचं असेल तर

हे एका माणसाच्या उत्साहावर ठेवू नका. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी असतील तर टेबल लावायचं, यादी करायचं काम त्यांना आळीपाळीने द्या, वर्गात शिकलेलं वर्गीकरण त्यांना इथे प्रत्यक्ष वापरायला मिळतं. विज्ञान, मग साहित्य, मग कायदा असं फिरतं ठेवा, लागोपाठ दोन व्याख्यानं एकाच इमारतीतली नकोत. वक्त्याला भेट देण्याऐवजी त्याला विचारून त्याच्याच आवडीचं पुस्तक लायब्ररीसाठी घ्या आणि आतल्या पानावर त्याचं नाव आणि व्याख्यानाची तारीख लिहा, लोकांना हे शालीपेक्षा जास्त आवडतं.

प्रश्नोत्तरांत लोक जी पुस्तकं मागतात आणि जी आपल्याकडे नसतात त्यांची एक वही टेबलावरच ठेवा. सेमिस्टर संपलं की ती यादी, मागणाऱ्यांच्या संख्येसकट, पुस्तक खरेदीच्या मीटिंगमध्ये ठेवायची, आणि पुस्तकं आली की ज्यांनी मागितली होती त्यांना कळवायचं.